धुण्याची फळी आणि परतीचं खोकं

ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरच्या घरात भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. बंदी अपार्टमेंटवाल्यांची नव्हती, त्यांच्या करारात लहान खिळे चालत होते. बंदी आईची होती. गणपतीची तसबीर, आजोबांचा फोटो, पुण्याच्या शाळेत मला चित्रकलेसाठी मिळालेलं प्रमाणपत्र, सगळं भिंतीला टेकून जमिनीवर उभं असायचं. पाहुण्यांना वाटायचं, आम्ही कालच राहायला आलोय. वर्ष उलटून गेलं तरी तसंच वाटायचं. आईचं म्हणणं सरळ होतं. खिळा ठोकायचा, मग तो उपटायचा, मग भोक बुजवायचं आणि मग डिपॉझिटसाठी भांडायचं, त्यापेक्षा तसबीर खाली बरी. आपण इथे बाबांच्या व्हिसावर आहोत, व्हिसा नोकरीवर आहे, आणि नोकरी कधी जाईल ते आपल्याला विचारून ठरणार नाही.

बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होते. आम्ही आलो त्याच वर्षी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि त्याआधीच चिपचा धंदा बसायला लागला होता. मी तेव्हा नववी पुण्यात संपवून इथल्या दहावीत दाखल झाले होते. मला अमेरिकेबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती अधांतरी राहण्याबद्दल. सायकल घ्यायची का? नको, नेता येणार नाही. मांजर? वेडी आहेस का. ऑर्केस्ट्रासाठी व्हायोलिन भाड्याने? वर्षाचा करार असतो. घरात जे काही यायचं ते आधी डोळ्यांनी मोजलं जायचं, की हे गाडीच्या डिकीत मावेल का. माझे पाय टेबलाखाली सारखे हलायचे. पाय हलवू नये म्हणून आई पुण्यात ओरडायची ते देवाधर्माच्या नावाने. इथे ती नुसतं म्हणायची, "खालच्या बाईला त्रास होतो."

आणि मग ते खोकं. आमचं सामान जहाजाने आलं होतं. बाबांनी पुण्याच्या टिंबर मार्केटमधल्या एका सुताराकडून प्लायवूडची खोकी करून घेतली होती. कडेला पत्र्याच्या पट्ट्या, आणि चारही बाजूंना काळ्या रंगात, साचा ठेवून उमटवलेला पुण्याचा पत्ता. बाकीची खोकी आम्ही फोडून टाकली, एक आईने ठेवलं. गुडघ्याच्या थोडं वर येईल एवढं, हलकं, पण मजबूत. त्यात तांब्याचा हंडा, पितळी परात, आजीची गोधडी, पुरणयंत्र आणि सोवळ्याची भांडी होती. परत जाताना शेवटच्या क्षणी धावाधाव नको म्हणून आईने ती बाहेर काढलीच नव्हती. पुरण करायचं झालं तर पुरणयंत्र बाहेर यायचं, धुऊन वाळवून संध्याकाळी पुन्हा आत. घरात त्याला परतीचं खोकं म्हणत. त्यावर चादर टाकून आईने टेलिफोन ठेवला होता. फोनवर पुण्याशी बोलताना ती एक हात खोक्यावर ठेवून उभी राहायची.

(हे खोकं आज ओहायोत, माझ्या गराजमध्ये आहे. त्यात दिवाळीच्या दिव्यांच्या माळा असतात. त्याच्या तळाला मधोमध एक भोक आहे, त्यातून वायर बाहेर काढता येते, फार सोयीचं पडतं. भोक कसं पडलं ते आता सांगते.)

ॲरिझोनात उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसा बाहेर पडायची सोय नसते. गाडीचं स्टिअरिंग धरायला आई ओव्हनचे हातमोजे वापरायची आणि आम्ही त्यावर हसायचोही नाही. छतावरचं एसीचं धूड दिवसभर घरघरत असे. आई कणीक मळताना त्याच्या आवाजावर बोलायची, आणि एसी थांबला की तिचा आवाज एकदम मोठा वाटायचा. मी सकाळी चालत लायब्ररीत जायची, तिथे गारवा फुकट असे. तिथे एकदा जोशीकाका भेटले. ते बाबांच्याच कारखान्यात, दुसऱ्या विभागात होते. त्यांची बायको नीलिमाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाची सर्वेसर्वा. काका वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसले होते, इस्त्रीचा शर्ट, बाजूला स्टीलचा डबा. म्हणाले, आज हाफ डे आहे. पुढच्या आठवड्यातही दिसले. तेव्हाही हाफ डेच होता. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, मोठ्या माणसांच्या हाफ डेशी मला काय करायचं होतं. मी मान डोलावली आणि पुस्तकांकडे गेले.

संध्याकाळी सूर्य उतरला की मी फिरायला निघायची, नुसतीच, कुठे जायचं न ठरवता. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे भिंत, भिंतीला एक फाटक, आणि पलीकडे निवृत्त लोकांच्या फिरत्या घरांची वस्ती. फिरती म्हणायची, पण ती घरं जागची हलत नाहीत, पुढे खडी, निवडुंग आणि गाडीसाठी पत्र्याची शेड. एका संध्याकाळी तिथून आवाज आला. मालगाडी फाटकातून जाताना होतो तसा, पण जास्त घाईचा, खरखर-खटखट, आणि त्याच्या खाली कुणीतरी मोठा भोपळा ठोकावा तसं धुम्म, धुम्म. मी आवाजामागे गेले. शेडमध्ये एक उंच, सडपातळ म्हातारा गिटार बडवत होता. बडवत म्हणजे अक्षरशः. त्याच्या शेजारी एक जाडजूड बाई एका चौकोनी लाकडी खोक्यावर पाय ठेवून उभी होती. खोक्याच्या कडेवर झाडूचा दांडा टेकवलेला, दांड्याच्या टोकापासून खोक्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणलेली, आणि ती सुतळी ओढून ती बाई धुम्म काढत होती. तिसरा एक म्हातारा पत्र्याची धुण्याची फळी मांडीवर धरून बोटांनी खरवडत होता. तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या पुढे गेली असती. आणि तिघेही कुणीतरी मागे लागल्यासारखे वाजवत होते.

म्हाताऱ्याचं नाव लेन. बाई त्याची बायको, डोरीन. दोघं इंग्लंडचे. तो विमानांच्या कारखान्यात कामाला म्हणून तरुणपणीच इथे आला आणि राहिला. या संगीताला स्किफल म्हणतात हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पुढे दर भेटीत थोडं थोडं सांगत राहिला. महायुद्धानंतर इंग्लंडात पैसे नव्हते. पोरांना बँड काढायचे होते आणि वाद्यं परवडत नव्हती. मग कुणी आईची धुण्याची फळी पळवली, कुणी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, स्वस्तातली एक गिटार, तीन कॉर्ड, आणि झालं. गाणी मात्र अमेरिकेची होती, रेल्वेची, तुरुंगाची, कापसाच्या शेतांची, इथल्या काळ्या मजुरांनी रचलेली. ज्यांनी कापसाचं बोंड पाहिलं नव्हतं अशी लंडनची पोरं ती गाणी नाकात, दुप्पट वेगाने म्हणत होती. लेन म्हणे, कॉफीच्या दुकानांच्या तळघरात इतकी गर्दी असायची की भिंतींना घाम सुटायचा. चहाचं खोकं तुमच्याकडूनच यायचं, असंही म्हणाला. मी म्हटलं, आम्ही पुण्याचे, चहा आसामचा. तो म्हणाला, अंतर किती? मी सांगितल्यावर म्हणाला, मग तू माझ्याहून फार जवळची नाहीस.

फळी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचे सांधे धरले होते, त्याच्या जागी कुणीतरी हवंच होतं. डोरीनने शिवणाच्या डब्यातून अंगुस्तानं काढली, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात त्या धातूच्या टोप्या, आणि माझ्या बोटांत बसवली. महिन्याभरात मी बऱ्यापैकी वाजवू लागले. सायकल नाही, मांजर नाही, व्हायोलिन नाही, पण हे कुणाला डिकीत मोजायचं नव्हतं. फळी डोरीनची, अंगुस्तानं डोरीनची, फक्त हात माझे. पहिल्यांदाच माझे पाय हलत होते आणि कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

आईला कळलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "म्हणजे धुण्याची फळी वाजवतेस," ती म्हणाली. "तिथे दगडावर आपटून धुतलं, इथे मशीन आहे, आणि तू मध्येच फळीवर." पण ती शेजारच्या वस्तीत जाऊन त्यांना बघून आली, डोरीनने दिलेला चहा प्यायली, चहात साखर विचारून घातली म्हणून खूश झाली, आणि त्यावर विषय संपला. जाताना तिने थालीपिठं नेली होती. लेनने ती लोणी-दही न घेता, चहात बुडवून खाल्ली. आईने ते घरी येऊन तीनदा सांगितलं.

माझा एक दोष मात्र जाईना. मी पळायची. गाणं साध्या वेगात सुरू व्हायचं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मी इतकी पुढे गेलेली असायची की लेनची गिटार फरफटत माझ्या मागे यायची. स्किफल मुळात धावतंच, पण लेनचं म्हणणं असं की धावणाऱ्याला आपण धावतोय हे ठाऊक हवं. तो वैतागून विचारायचा, "तुला इतकी घाई कुठे जायची आहे, व्ही?" वैजयंती त्याला झेपत नसे.  मला कुठेच जायचं नव्हतं, हीच तर अडचण होती.

गणपती जवळ आले. मंडळाचा कार्यक्रम दर वर्षी एका शाळेच्या कॅफेटेरियात होई, आणि नीलिमाकाकूंनी फोनवर मला विचारलं, काय करणार. मी सांगितलं, लोकसंगीत. खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, वा, कोळीगीत का भारूड? मी म्हटलं, कामगारांची गाणी आहेत, रेल्वेची वगैरे. त्यांना वाटलं असावं, मुलगी काहीतरी गिरणगावचं शोधून आणतेय. म्हणाल्या, "साडी नेस पण. आणि सात मिनिटांच्या वर नको, जेवण गार होतं."

मग दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. त्या कोरड्या हवेत लेनचं जुनं चहाचं खोकं तळापासून उललं, मधोमध, बोट जाईल एवढी फट. आणि डोरीनचं कमरेचं दुखणं वाढून डॉक्टरांनी तिला उभं राहायला मनाई केली. बास वाजवायला खोकंही नाही आणि माणूसही नाही. लेनने कार्डबोर्डचं खोकं घेऊन पाहिलं, प्लास्टिकचा टब पाहिला. टबाचा आवाज ऐकून डोरीन म्हणाली की याच्यापेक्षा माझी कंबर बरी वाजते. प्लायवूड हवं होतं, पातळ आणि जुनं. मला ठाऊक होतं तसं खोकं कुठे आहे. मी आईला विचारलं. तिने टेलिफोनही उचलला नाही वरचा, नुसतं माझ्याकडे पाहिलं. "ते परतीचं आहे," म्हणाली. मी म्हटलं, भोक छोटं असतं, सुतळीपुरतं. ती म्हणाली, "भोक पडलं की ते खोकं राहत नाही, वैजू. मग ते तुमचं ते काय ते होतं." मी बाबांकडे पाहिलं. बाबा पेपरात. मी त्या रात्री रागाने जेवले नाही, आणि आईने माझं ताट झाकून ठेवलं नाही. आमच्याकडे रुसव्यांना फार भाव नव्हता.

कार्यक्रम शनिवारी होता. शुक्रवारी शाळा शिक्षकांच्या मीटिंगसाठी बंद होती, म्हणून मी घरी होते, म्हणून मी ते पाहिलं. अकराच्या सुमाराला दाराचं कुलूप फिरलं. बाबा. हातात एक पुठ्ठ्याचं खोकं, त्यात कॉफीचा मग, कॅल्क्युलेटर, टेबलावरचा छोटा गणपती आणि न उघडलेला डबा. आई मोदकांसाठी नारळ खोवत होती. एसी सुरू होता, त्यामुळे बाबा काय म्हणाले ते मला स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू आलं नाही, पण ऐकण्यासारखं फार नव्हतंच. आईने खोवणी खाली ठेवली, हात धुतले, गॅस बंद केला. बाबा सोफ्यावर बूट न काढता बसले. व्हिसावाल्याची नोकरी गेली की किती दिवस राहता येतं, यावर आमच्या लोकांत अनेक मतं होती. कुणी म्हणे दहा दिवस, कुणी म्हणे महिना, कुणी म्हणे दुसऱ्या दिवसापासून बेकायदा. त्या दुपारी खात्रीचं कुणालाच विचारता येणार नव्हतं, कारण विचारलं की कळणार होतं.

आईने टेलिफोन उचलून जमिनीवर ठेवला, चादर काढली आणि खोकं उघडलं. मला वाटलं, झालं. बांधाबांध सुरू. हंडा बाहेर आला, परात आली, गोधडी, पुरणयंत्र. सगळं जमिनीवर मांडून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आतल्या खोलीतून दोन मोठ्या सूटकेस ओढत आणल्या, हंडा एकीत घालून पाहिला, झाकण लागेना, काढला. 

"अहो," ती शेवटी म्हणाली, "जहाजाचं भाडं कंपनीने दिलं होतं ना?"

बाबा म्हणाले, हो.

"म्हणजे कंपनी पाठवते तेव्हा खोकं. कंपनी काढते तेव्हा माणशी दोन बॅगा." ती माझ्याकडे वळली. "ने ते. त्या म्हाताऱ्याकडे ने."

मला आजही वाटतं की इतका मोठा निर्णय इतक्या हिशोबीपणे घेतलेला मी दुसरीकडे पाहिला नाही, आणि माझा धंदा रुग्णालयांच्या बांधकामाचं वेळापत्रक आखण्याचा आहे. वर्षभर जे खोकं आम्हाला कधीही परत नेणार होतं, ते परत जायची वेळ आल्यावर निरुपयोगी ठरलं. आईला ते अर्ध्या तासात कळलं. ती रडली वगैरे नाही. हंडा तिने स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवला, परात मांडणीवर, आणि पुन्हा नारळ खोवायला बसली.

मी खोकं उचललं तर बाबा उठले. म्हणाले, भोक कुठेही पाडून चालणार नाही, तळाचा मध्य काढावा लागेल, आणि प्लाय तडकू नये म्हणून खालून लाकूड धरावं लागतं. "थांब, मी येतो." बूट घातलेलेच होते. आम्ही दोघं भर दुपारी, डोकी तापत, ते खोकं दोन बाजूंनी धरून फाटकातून पलीकडे गेलो. लेनने बाबांना काय झालं ते विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कपड्यांत माणूस दारात आला तर काय झालं असेल, हे कारखान्यात जन्म काढलेल्याला समजत असावं. त्याने ड्रिल पुढे केलं. बाबांनी कर्ण आखले, दोन्ही रेघा जिथे कापल्या तिथे पेन्सिलीने ठिपका दिला, आणि भोक पाडलं. सुतळी ओवून आत गाठ मारली. खोकं उपडं ठेवलं, आवाज बाहेर यावा म्हणून एका कोपऱ्याखाली वीट दिली. मग दांड्याची लांबी कमी-जास्त करून, ताण बदलून, ते एकेक धुम्म काढून ऐकत राहिले. डोरीन खुर्चीत बसून सांगत होती, दांडा मागे घेतला की सूर चढतो, पुढे आणला की उतरतो. बाबांना सूर अजिबात नव्हता. त्यांचं वय मी आज ओलांडत आले आहे आणि माझी खात्री आहे की त्यांना आयुष्यात एकही गाणं धड म्हणता आलं नाही. पण त्यांच्याजवळ ठेका होता. मी पळाले तरी ते पळायचे नाहीत. आपलं ठरल्या वेळी धुम्म, ठरल्या वेळी धुम्म. लेन थांबला, डोरीनकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "उद्या तुम्हाला काही काम आहे का?"

बाबा म्हणाले, "नाही. उद्या नाही."

शनिवारी सकाळी आईने जाहीर केलं की तुम्ही दोघं जा, मी येत नाही. चारजणी चार प्रश्न विचारतील आणि मला तोंड लपवता येत नाही. आमच्या मंडळात ही रीत होतीच. ज्याची नोकरी जाई तो येणं बंद करी. कुणी म्हणत नसे, पण वर्गणीला, सहलीला, हळदीकुंकवाला एकेक घर गळत जाई आणि नंतर कळे की ते परत गेले, किंवा टेक्सासात अर्विंगला गेले, किंवा कुठे ते माहीत नाही. बाबा म्हणाले, बरं. मग आईने उकडीच्या मोदकांच्या पातेल्याकडे पाहिलं. मंडळाच्या नैवेद्याचे मोदक तिच्याकडे होते. गाडीत मागे खोकं आणि ते सांभाळत मी, पुढे लेन, मग मोदक मांडीवर धरणार कोण? कुणीच धरलं नसतं तर वळणावर कळ्या मोडल्या असत्या. ती साडी बदलून आली.

लेन टाय लावून आला होता. डोरीन शेजाऱ्यांच्या गाडीतून आली, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर फळी. आमच्या आधी लहान मुलांचा नाच झाला, मग एका काकांनी विनोद सांगितले. नीलिमाकाकूंनी माइकवर जाहीर केलं, आता सादर आहे लोकसंगीत, आणि पडद्यामागून आम्ही बाहेर आलो. मी साडीत, दहा बोटांत अंगुस्तानं, एक गोरा म्हातारा गिटार घेऊन, आणि माझे बाबा, ऑफिसच्या शर्टात, उपड्या खोक्यावर एक पाय ठेवून, हातात झाडूचा दांडा. खोक्यावरचा पुण्याचा पत्ता, उलटा, बरोबर प्रेक्षकांकडे होता. पहिल्या रांगेतला कुणीतरी मान वाकडी करून तो मोठ्याने वाचत होता. काकूंचा चेहरा मला दिसत होता. त्या भारूडाची वाट पाहत होत्या.

आम्ही वाजवलं. लेन नाकात गात होता, मी खरवडत होते, बाबा खाली धुम्म देत होते. पहिलं कडवं लोकांनी शिष्टाचार म्हणून ऐकलं. दुसऱ्याला मागच्या रांगेतली, इथेच जन्मलेली मुलं उभी राहिली. तिसऱ्याला टाळ्यांचा ठेका सुरू झाला आणि मी, अर्थातच, पळाले. लेन पळाला. बाबा पळाले नाहीत. त्यांच्या धुम्मने आम्हाला दोन-तीनदा कॉलर धरल्यासारखं मागे ओढलं, आणि शेवटच्या ठोक्याला तिघं एकत्र पोचलो. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

टाळ्या पडत असताना नीलिमाकाकू माइक घेऊन आल्या. त्यांना बोलावं तर लागणारच होतं. "बापट, कमाल आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि वाद्य! ऑफिसला सुट्टी टाकून प्रॅक्टिस केलेली दिसते." लोक हसले. त्यांनी माइक बाबांसमोर धरला.

बाबांचा एक पाय अजून खोक्यावर होता. "सुट्टी मी टाकली नाही," ते म्हणाले. "काल त्यांनीच दिली. कायमची."

काही लोकांना तो विनोद वाटला, ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. कॅफेटेरियाच्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. आई तिसऱ्या रांगेत होती, तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ताठ समोर पाहिलं. काकूंनी माइक खाली केला नाही, तसाच धरून राहिल्या, बाबांसमोर. तेवढ्यात बाजूच्या टेबलापाशी मसालेभाताच्या फॉइलच्या ट्रेवर झाकण लावत उभे असलेले जोशीकाका बोलले, माइक नसताना, साध्या आवाजात.

"माझी जूनमध्ये गेली."

मी नीलिमाकाकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या पडतील. त्या पडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही, कारण बघून कळायचं काही उरलं नव्हतं. डबा रोज सकाळी त्याच भरत होत्या. पुढे त्यांनी आईला सांगितलं की पोरगी विचारेल, शेजारी पाहतील, म्हणून त्या रोज दोन पोळ्या, भाजी, लोणच्याची फोड असं सगळं नेमाने करायच्या आणि काका साडेआठला गाडी काढून जायचे. ग्रीन कार्ड होतं म्हणून त्यांना देशात थांबता तरी आलं. लायब्ररीतले हाफ डे मला तिथे, स्टेजवर, बोटांत अंगुस्तानं घालून समजले. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या ग्रुपमधले सगळे गेल्या महिन्यात. भिंतीजवळून एक हात वर झाला, शाळेत होतो तसा, आणि खाली आला.

"बरं," नीलिमाकाकू माइकमध्ये म्हणाल्या. आवाज थोडा फाटला, मग जागेवर आला. "आरतीला उभे राहा सगळे. जेवताना बोलू."

आरती सुरू झाली ती नेहमीप्रमाणे संथ. दुसरीला झांजा चढल्या. तिसरीपर्यंत सगळा हॉल नेहमीप्रमाणे धावत सुटला, भात गार होतोय, पोरं भुकेली आहेत, देवालाही आटपायचं आहे अशा घाईत. मी डोरीनच्या मांडीवर परत ठेवलेली फळी लेनने उचलली आणि तोही खरवडू लागला, आणि त्या वेगात माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "हे इथून आलं होय." त्यानंतर त्याने मला घाईबद्दल कधी बोल लावला नाही.

आम्ही परत गेलो नाही. त्या जेवणात, पहिल्या रांगेत पत्ता वाचणाऱ्याने आपल्या अर्विंगच्या मेव्हण्याचा नंबर दिला, कारण तो पत्ता त्याच्या स्वतःच्या शाळेच्या गल्लीतला होता, आणि काही आठवड्यांनी बाबांना तिकडे कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं. पगार कमी, विभाग वेगळा, व्हिसाचे कागद वकिलाने कसे जुळवले ते बाबांनाही पूर्ण कळलं नाही. लेन आणि डोरीन दोघंही आता नाहीत. मी फळी कॉलेजात दोन वर्षं वाजवली आणि सोडली. लोकांना वाटतं अशा गोष्टींनी माणूस घडतो वगैरे. मला तसं वाटत नाही. पण तो शनिवार आणि त्यानंतरचा सोमवार मला नीट आठवतो.

सोमवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खोकं नसल्यामुळे मोकळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे बघत सोफ्यावर बसले होते. काय करायचं हे ठाऊक नसताना ते जे काही करायचे ते सगळं करून झालं होतं. मी दार उघडलं. जोशीकाका. हातात स्टीलचा डबा.

"बापट," ते दारातूनच म्हणाले, "चला. तिथे एसी चांगला आहे. नोकऱ्यांचे पेपर नऊला येतात, आणि खिडकीजवळच्या खुर्च्या लवकर जातात."

बाबा उठले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात बाबांचा डबा होता, भरलेला, झाकण लावलेला. पोळ्या अजून गरम असाव्यात, कारण तिने तो पदराने धरला होता.